‘गावात’ म्हणजे नेमकं कुठं? नाशिकच्या बोलीतल्या ठिकाणांचा नकाशा: कामाच्या नोंदी

नाशिक महापालिकेचे विभाग सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. त्यांच्या हद्दी कागदावर पक्क्या आहेत. पण रिक्षात बसून ‘पश्चिम विभागात सोडा’ असं कुणी म्हणत नाही. बोलण्यातली नावं वेगळी: द्वारका, कॉलेज रोड, काठे गल्ली, मायको सर्कल, पाथर्डी फाटा, सिडको, आणि नुसतं ‘गाव’. यांची हद्द कुठल्याच दप्तरात नाही, तरी रुग्णवाहिकेला फोन लावला की तोंडातून हीच नावं निघतात. २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरगावचे चालक आणि स्वयंसेवक येतील, त्यांच्याही कानावर हीच पडणार. म्हणून ती ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर, नीट बसवायला घेतली. माणसं चार, दुचाक्या दोन. आपल्या गावात हेच करू पाहणाऱ्यांसाठी चुकांसकट नोंदी.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार: यादी

नावं तीन ठिकाणांहून घेतली: बसथांबे, दुकानांच्या पाट्या आणि घरात साठलेल्या लग्नपत्रिका. पत्रिकांचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. कार्यालयाचा पत्ता छापताना माणूस पाहुण्यांना कळेल असंच नाव घालतो. एकूण ८६ नावं. गूगल मॅप्सवरून एकही उचललेलं नाही. परवान्यात ते बसत नाही, आणि तसं नाव सापडलं तर त्यासोबतची आपली मेहनतही पुसली जाते.

नावं शेपटावरून वेगळी काढली: नाका, फाटा, मळा, सर्कल, रोड, वाडी, पुरा, गल्ली. नाक्यांची टिंबं आधी मांडली: मुंबई, त्र्यंबक, पेठ, दिंडोरी, आडगाव, वडाळा. जोडली की जुन्या शहराभोवती कडं उभं राहतं. आज हे सगळे नाके शहराच्या पोटात आहेत, पण शहर एकेकाळी कुठं संपायचं ते नावांनी धरून ठेवलंय. मळ्यांचं तसंच. विसे मळा, येवलेकर मळा इथं आता इमारती आहेत. शेत गेलं, नाव राहिलं.

८६ नावं एकदम घेणं झेपणार नाही. पहिल्या फेरीला सहा घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार: कॉलेज रोड, पहिली फेरी (सगळी वाया)

कॅनडा कॉर्नरपासून भोसला मिलिटरी स्कूलच्या दिशेनं निघालो. दर शंभर मीटरला थांबून पाच जणांना विचारायचं ठरलं होतं. प्रश्न होता: ‘हा भाग कॉलेज रोडमध्येच येतो ना?’

जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणाले. थत्ते नगरच्या गल्लीत शिरून विचारलं तरी ‘हो’. गंगापूर रोडला टेकलो तरी ‘हो’. उत्तर प्रश्नातच घालून दिलं होतं. अनोळखी माणसाला कशाला खोडायचं म्हणून लोक मान हलवतात. शिवाय रविवार. संध्याकाळी फिरायला, खायला आलेली माणसं निम्मी तरी दुसऱ्या भागातली, आणि त्यांच्या लेखी हा सगळाच टापू कॉलेज रोड.

५८ उत्तरं टाकून दिली. चौघांचे प्रत्येकी चार तास गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार: प्रश्न पुन्हा लिहिले

आता प्रश्न तीन, याच क्रमानं, आणि ज्या नावाची चौकशी आहे ते आपण उच्चारायचं नाही.

पहिला: ‘काका, इथं रिक्षा बोलवायची तर कुठं ये म्हणून सांगता?’ दुसरा: ‘पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी विचारलं, कुठं राहता, तर काय सांगता?’ तिसरा: ‘हेच नाव या रस्त्यानं पुढं कुठपर्यंत चालतं? नंतर कोणतं लागतं?’

पहिल्या दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि ती वेगळीच नोंदवायची. विसे मळ्यातलं घर रिक्षावाल्यासाठी ‘विसे मळा’ असतं, पुण्याच्या पाहुण्यासाठी ‘कॉलेज रोड’. दोन्ही खरं आहे. मोठं नाव लांबच्यासाठी, लहान नाव जवळच्यासाठी. हे आधीच वेगळं केलं नाही तर पुढं कुठल्याही गणितानं वेगळं होत नाही.

चौथा रकाना: ‘इथं किती वर्षं?’ हातगाडीवाले, रिक्षाचालक, पार्सल पोचवणारी पोरं यांची उत्तरं मोलाची, पण ते राहणारे नाहीत, म्हणून वेगळी खूण.

१५ नोव्हेंबर, शनिवार: कॉलेज रोड, दुसरी फेरी

कोबो कलेक्टवर (मोबाईलवर माहिती भरून घेणारं ॲप) फॉर्म करून नेला. पहिल्याच थांब्यावर अडलं. ठिकाण पकडताना ॲप ठरावीक अचूकतेची वाट बघत बसतं. आमच्या फॉर्ममध्ये ती मर्यादा पाच मीटर होती. उंच इमारतींच्या मधोमध तेवढी लवकर मिळत नाही आणि समोरचा माणूस ताटकळतो. मर्यादा पंधरा मीटर केली. कामाला तेवढी पुरते, कारण आपण घर मोजत नाही, बोलणं मोजतोय.

दुसरी सुधारणा: रस्त्यावरून सरळ न जाता रस्त्याला आडवं जायचं. कॉलेज रोड लांबीत कुठं सुरू होतो, कुठं संपतो यावर फारसा वाद नाही. वाद रुंदीत आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड बरेच अंतर शेजारून जातात. मधल्या गल्लीतलं घर कुणाचं? त्या आडव्या गल्ल्यांतून पाच रेषा धरल्या, पंचाहत्तर मीटरला एक थांबा.

मधल्या पट्ट्यात एकमत नाहीच. तिथली माणसं कॉलनीचं नाव सांगतात आणि दोन्ही रस्त्यांपासून अंग काढून घेतात. ही पोकळीच इथली खरी माहिती आहे. तिथं रेघ मारली असती तर ती आमची कल्पना ठरली असती.

जागाविक्रीच्या जाहिरातीही आज वेगळ्या काढल्या. त्यांत ‘कॉलेज रोड’ फार लांबपर्यंत ताणलेला असतो, कारण नावाला भाव आहे. त्या फेकल्या नाहीत, पण मोजणीत धरल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार: फाईल

उतरवलेली सीएसव्ही, म्हणजे उत्तरांच्या तक्त्याची साधी मजकूर फाईल, एक्सेलमध्ये थेट दोन टिचक्या मारून उघडली. देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा. त्यातच ती सेव्ह झाली, मूळ प्रत पुन्हा उतरवावी लागली. उपाय: एक्सेलमध्ये फाईल थेट न उघडता ‘डेटा’मधून आयात करायची आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं; किंवा लिब्रेऑफिस वापरायचं, ते उघडतानाच विचारतं.

नंतर क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) टिंबं दिसेनात. ‘लेयरकडे झूम’ केलं तर नकाशा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. एक्सच्या जागी अक्षांश आणि वायच्या जागी रेखांश निवडला गेला होता. नाशिकचे आकडे लक्षात ठेवा: एक्स म्हणजे रेखांश ७३.८ च्या आसपास, वाय म्हणजे अक्षांश २० च्या आसपास.

१८ नोव्हेंबर, मंगळवार: हीटमॅप

तीन संध्याकाळी यात गेल्या. त्रिज्या ३०० दिली की अख्खा पडदा एका रंगाचा. लेयर अंशांमध्ये होता, म्हणून ३०० मीटर नव्हे, ३०० अंश धरले जात होते. लेयर आधी ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे यूटीएम ४३ उत्तरमध्ये, निर्यात करा. नाशिक त्याच पट्ट्यात येतं. मग त्रिज्या मीटरमध्ये चालते.

तरीही चित्र फसवं निघालं. हीटमॅप दाखवतो ती उत्तरांची गर्दी. जिथं जास्त माणसं भेटली तिथं लाल, नाव पक्कं असो वा नसो. आपल्याला हवं ते प्रमाण: इथं विचारलेल्यांपैकी किती जणांनी हे नाव घेतलं. म्हणून हीटमॅप सोडून २५० मीटरची षटकोनी जाळी टाकली आणि प्रत्येक खणात प्रमाण काढलं. पाचच उत्तरं असलेल्या खणात एक माणूस बदलला की वीस टक्के हलतात. त्यामुळे आठपेक्षा कमी उत्तरांचे खण करडे ठेवले. पायऱ्या तीन: ८० टक्के आणि वर, ५० ते ८०, २० ते ५०. त्याखालचं दाखवत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार: द्वारका आणि काठे गल्ली

कॉलेज रोड हा पट्टा होता. द्वारका ही गाठ आहे: मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथं भेटतात तो चौक. गाठीचं नाव चौकातून बाहेर पसरतं, पण चारी बाजूंना सारखं नाही. जिथं पुढचं ठळक नाव लगेच लागतं तिथं ते तुटतं. काठे गल्लीच्या बाजूला द्वारका लवकर संपते, कारण काठे गल्ली स्वतःच मोठं नाव झालंय. नावात गल्ली असली तरी आता ती एक गल्ली नाही. सिग्नल, दुकानं, सोसायट्या मिळून अख्खा भाग त्या नावानं चालतो.

उड्डाणपुलाखाली जीपीएस उड्या मारतो. तिथले सगळे थांबे घरी येऊन उपग्रहचित्रावर कोपरा ओळखून हातानं बसवले. म्हणून फॉर्ममध्ये ‘समोर काय दिसतं’ हा रकाना ठेवा. आम्ही तो दुपारनंतर घातला, सकाळचे सात थांबे अंदाजानं बसवावे लागले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार: ‘द्वारका’ की ‘व्दारका’

मोजणीत द्वारका दोनदा आली. पाट्यांचे फोटो काढून नावं जशीच्या तशी उतरवली होती आणि निम्म्या पाट्यांवर ‘व्दारका’ आहे. डोळ्यांना फरक पटकन कळत नाही. ‘द्वा’ म्हणजे आधी पाय मोडलेला द, मग व. पाटीवर आधी अर्धा व, मग द. यंत्रासाठी हे दोन वेगळे शब्द, एक शोधला की दुसरा सापडत नाही.

अशी आणखी जोडपी: म्हसरूळ आणि म्हसरुळ, नाशिकरोड आणि नाशिक रोड, सिडको आणि सीडको. ‘ऱ्य’ तर दोन तऱ्हांनी टाईप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ नं, एकदा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर हुबेहूब सारखं.

मूळ रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी ‘प्रमाण नाव’ असा दुसरा रकाना करून त्यात एकच रूप ठेवायचं, मोजणी त्यावर. ओपनस्ट्रीटमॅपवर मुख्य नावात शुद्ध रूप, आणि पाटीवर खरोखर दिसणारं दुसरं रूप पर्यायी नावात अर्धविरामानं वेगळं करून. पर्यायी नावं ठेवली की चुकीचं टाईप करणाऱ्यालाही जागा सापडते. पाट्यांचे फोटो बाहेर देणार नाही. त्यांवर लोकांचे मोबाईल नंबर आहेत.

२९ आणि ३० नोव्हेंबर: ‘गावात’

या दोन दिवसांसाठीच सगळं काम होतं असं वाटावं, इतकं यातून मिळालं.

सिडको, इंदिरानगर, पंचवटी इथली माणसं ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. हे गाव कुठून सुरू होतं? जागेवर उभं राहून विचारायची पद्धत इथं चालत नाही, कारण मेन रोडला राहणारा स्वतः ‘मी गावात राहतो’ म्हणत नाही. हा शब्द बाहेरच्याचा आहे, तर बाहेरच विचारायला हवं.

खेळायच्या पत्त्यांसारखे २४ पत्ते छापून लॅमिनेट केले, एकेका पत्त्यावर एक ठिकाण: रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भद्रकाली, शालिमार, एमजी रोड, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), अशोक स्तंभ, त्र्यंबक नाका, गडकरी चौक, सारडा सर्कल, द्वारका, गंगाघाट, मालेगाव स्टँड, निमाणी वगैरे. पत्ते हातात द्यायचे आणि तीन गठ्ठे करायला सांगायचं: गावात, गावात नाही, सांगता येत नाही. एका माणसाला चार-पाच मिनिटं. पत्ते पिसून द्या. पहिल्या दहा जणांना एकाच क्रमानं दिले, तेव्हा रविवार कारंजा पहिला आला की पुढचं सगळं त्याच्याशी तोललं जात होतं.

रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भद्रकाली यांवर कुणाचं दुमत नाही. गाभा तोच. कड मात्र बोलणाऱ्याच्या घराप्रमाणे सरकते. पंचवटीकराचं गाव गंगेच्या पलीकडे. होळकर पूल ओलांडला की गाव, अलीकडे नाही. इथं कड जवळपास रेघेसारखी आहे. (गंगा म्हणजे गोदावरीच, नाशकात नदीला दुसरं नाव तोंडात येत नाही.) सिडकोकराचं गाव अलीकडेच सुरू होतं, सीबीएसचा पत्ता बहुतेकांनी ‘गावात’च्या गठ्ठ्यात टाकला. गंगापूर रोडकर सीबीएस बाहेर ठेवतो.

आणि नाशिकरोड. तिथल्या पहिल्या तिघांनी पत्ते बघून विचारलं, ‘गावात म्हणजे देवळालीगावात का?’ तिथं शब्दच वेगळा: ‘नाशिकला जातो.’ पत्ता नाशिकचा, मतदान नाशिक महापालिकेचं, तरी ‘नाशिकला जातो’. प्रश्नात ‘नाशिकला’ घातल्यावर गठ्ठे भराभर झाले, आणि ते सगळ्यात रुंद होते, द्वारकाही आत.

म्हणजे ‘गाव’ची एक हद्द नाहीच. एका थरात सगळं मिसळलं असतं तर कुणाचंच नसलेलं सरासरी गाव तयार झालं असतं. चार भागांचे चार थर ठेवले. हे ओपनस्ट्रीटमॅपवर जाणार नाही. बोलणाऱ्याबरोबर हलणारा शब्द तिथं ठिकाण म्हणून बसत नाही. वेगळ्या जिओजेसन (नकाशाच्या माहितीच्या) फाईलमध्ये ठेवलंय.

६ डिसेंबर, शनिवार: सिडको

सोपं वाटलं होतं, कारण सिडकोनं, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, इथं सहा योजना बांधल्या आणि त्या ओळखता येतात. पण योजनांच्या कडेला खासगी कॉलन्या चिकटल्या आणि त्याही बोलण्यात सिडकोच झाल्या. महापालिकेच्या विभागाचं नाव ‘नवीन नाशिक’. उत्तरांत ते नाव एकदाही आलं नाही. म्हणून मुख्य नाव सिडको, अधिकृत नावाच्या रकान्यात नवीन नाशिक. आत गेलं की पुन्हा लहान नावं सुरू: त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर.

मायको सर्कल इथंच जोडून घेतलं. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, सर्कलचं झालं नाही. ‘जुनं नाव’ या रकान्यात मायको टाकायचा मोह आवरा. लोक आज वापरतात ते जुनं नाव नव्हे.

१० डिसेंबर, बुधवार: जुने नाशिक

दिवस चुकला. बुधवारी गंगेवर बाजार भरतो. घाटाजवळ भेटलेले बरेचसे विक्रेते खेड्यांतून आलेले. ती उत्तरं बाजूला काढली, १३ तारखेला सकाळी पुन्हा गेलो.

इथं ‘जुने नाशिक’ हे नाव राहणाऱ्यांच्या तोंडी नाही. आळी, लेन, पुरा, चौक अशीच उत्तरं, आणि एकेक नाव पन्नास-शंभर मीटरचं. २५० मीटरचा षटकोन इथं चार नावं गिळतो. जाळी ६० मीटरची केली, थांबे दाट केले.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण इथं कामाला आली. जिथं चढ लागतो तिथं बऱ्याचदा नाव बदलतं. उंचीच्या मोफत आकड्यांवरून टेकं काढायचा प्रयत्न केला, पण ती माहिती तीस मीटरच्या खणांची आणि दाट वस्तीत छपरांची उंची त्यात मिसळते. काही हाती लागलं नाही. पायी फिरून चढाचा पायथा नोंदवला, तेवढंच उपयोगी पडलं.

एका वस्तीला बाहेरचे एक नाव घेतात आणि आतले दुसरं. बाहेरचं नाव तिथल्या लोकांना लागतं. नकाशावर आतलं नाव लावलं. बाहेरचं पर्यायी म्हणूनही टाकलेलं नाही, आणि ते इथंही लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार: पाथर्डी फाटा

फाटा म्हणजे महामार्गावरून पाथर्डी गावाकडे वळायची जागा. आता त्या वळणाभोवतीच मोठी वस्ती आहे आणि तीही पाथर्डी फाटाच. पाथर्डी गाव वेगळं, आत. दोन टिंबं हवीत, एक नव्हे.

चूक: फाट्याचं टिंब ‘सबर्ब’ (उपनगर) दर्जानं टाकलं. ओपनस्ट्रीटमॅपचा शोध, हद्द आखलेली नसेल तर, पत्त्यासाठी आसपासच्या टिंबांवरून नाव उचलतो, आणि मोठ्या दर्जाचं टिंब लांबचे पत्तेही ओढतं. शेजारच्या कॉलन्यांच्या पत्त्यात पाथर्डी फाटा दिसू लागलं. दर्जा ‘नेबरहूड’वर (लहान वस्ती) उतरवला, टिंब वळणावरून काढून ८० टक्क्यांच्या खणांच्या मध्यावर नेलं. ‘लोकॅलिटी’ वापरू नका. ती वस्ती नसलेल्या जागेसाठी आहे.

२० डिसेंबर, शनिवार: बाकीचं चढवलं

नियम असे ठरले. पसरलेल्या नावाला टिंब, बहुभुज (आखलेली हद्द) नाही. टिंब गाभ्यात, भौमितिक मध्यात नव्हे. कॉलेज रोडसारख्या पट्ट्याचा भौमितिक मध्य भलत्याच गल्लीत पडतो. चौक, सर्कल, कॉर्नर यांचं नाव चौकाच्या बिंदूवर, आणि पसरलेली वस्ती असेल तरच वेगळं टिंब. बहुभुज फक्त तिथं, जिथं कड जमिनीवर दिसते: नदी, रुळ, छावणीची भिंत. बदलांच्या टिपेत ‘प्रत्यक्ष विचारून’ असं मराठीत लिहिलं आणि एका वेळी एकाच भागाचे बदल चढवले, म्हणजे कुणाला हरकत असेल तर तेवढंच मागं घेता येतं.

दुसऱ्याच दिवशी एका जुन्या संपादकानं काठे गल्लीचं टिंब सरकवून कारण लिहिलं: आमचं टिंब सिग्नलवर होतं, वस्ती आत आहे. त्यांचं बरोबर होतं. आमच्या थांब्यांत सिग्नलजवळचे थांबे जास्त होते.

२७ डिसेंबर, शनिवार: हिशेब

पेट्रोल १९०० रुपये, पॉवर बँक १२००, पत्त्यांचे तीन संच लॅमिनेशनसह १०८०, ए-थ्री छपाई ४००, चार क्लिपबोर्ड २४०. एकूण ४८२० रुपये. नऊ दिवस रस्त्यावर, त्यातला एक पूर्ण वाया आणि एक अर्धा. घरी बसून केलेलं काम रस्त्यावरच्या कामाच्या दुप्पट, त्यातलं सर्वाधिक नावं एकसारखी करण्यात.

उरलेलं: तपोवन. साधुग्रामची (सिंहस्थात साधूंसाठी उभारायच्या तात्पुरत्या वस्तीची) तयारी सुरू झाली की तिथल्या वाटा आणि बोलण्यातल्या खुणा बदलतील, म्हणून तिथं एकदा आत्ता आणि एकदा सिंहस्थानंतर विचारायचं आहे. ‘आत्ता’ची फेरी ३ जानेवारीला, टाकळीच्या बाजूनं. पत्त्यांचा संच पिसून ठेवलाय.